बाखचं पॅशन पहिल्यांदा गाताय? आवाज नाही, वजन कमी करा

नेदरलँड्समध्ये हिवाळा संपत आला की गावोगावच्या हौशी कॉयरमध्ये (एकत्र गाणाऱ्या गटांत) बाख या जर्मन संगीतकाराच्या पॅशनच्या तालमी सुरू असतात, आणि आपल्याकडून नोकरीसाठी इकडे आलेल्या, लहानपणी थोडं गाणं शिकलेल्या कुणाला तरी दरवर्षी वाटतं की आपण पण जाऊन बघावं. मी पण तशीच गेले, अल्टोमध्ये, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात, उभी राहते. दुसऱ्या-तिसऱ्या तालमीला ऐकलं, "हलकं गा, हे बरोक आहे" (बरोक म्हणजे बाखच्या काळातलं युरोपियन संगीत). मी आवाज कमी केला. तर म्हणे, "आवाज कमी नको, वजन कमी करा." या एका वाक्याचा अर्थ लागायला मला पूर्ण एक सीझन गेला, तुमचा जाऊ नये म्हणून हे लिहितेय. उदाहरण एकच धरते, बाखचं योहान पॅशन, म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानातली येशूच्या अटकेपासून दफनापर्यंतची कथा, कारण एक नीट कळलं की बाकीच्या बरोक चर्च संगीताला तीच किल्ली लागते.

पायरी १ : आधी किती लोक गायचे ते डोक्यात पक्कं करा

हे पॅशन पहिल्यांदा झालं ७ एप्रिल १७२४ ला, गुड फ्रायडेच्या दुपारच्या प्रार्थनेत, लायपझिगच्या सेंट निकोलस चर्चमध्ये. बाखला तिथे नोकरीला लागून वर्ष पण झालं नव्हतं. गॅलरीत जागा कमी पडत होती आणि हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं वाद्य) दुरुस्त करायला हवा होता, म्हणून त्याने नगर कौन्सिलकडे मागणी केल्याची नोंद आहे. म्हणजे चित्र असं आणा, वर गॅलरीत दाटीवाटीने उभे असलेले थोडेसे गायक आणि वादक, वरच्या पट्टीला (पट्टी म्हणजे कॉयरमधला एकेक आवाज: सोप्रानो, अल्टो, टेनर, बास) शाळेतली मुलं (तिथल्या चर्चच्या गाण्यात बायका नव्हत्या), आणि खाली लोक प्रार्थनेला बसलेत, मैफलीला नाही. पहिला भाग झाला की मध्ये प्रवचन, मग दुसरा भाग.

१७३० मध्ये बाखने कौन्सिलला एक लांबलचक निवेदन दिलं, त्यात म्हणतो की एका कॉयरला कमीत कमी १२ गाणारे हवेत आणि १६ असले तर बरं, कारण कोणी ना कोणी आजारी पडतंच. आता हे १२-१६ सगळे एकदम गायचे की ही फक्त हाताशी असलेल्या मुलांची यादी होती यावर अभ्यासकांची जबरदस्त भांडणं झालीयेत. जोशुआ रिफ्किन नावाच्या अमेरिकन संगीतकाराने १९८१ मध्ये मांडलं की बाखच्या बहुतेक रचनांमध्ये एका पट्टीला एकच माणूस गात असे, आणि तो खूप लोकांना चक्रमच वाटला होता. पण योहान पॅशनच्या जुन्या सुट्या कागदांवरून एक गोष्ट दिसते, मुख्य चार गायक आणि त्यांना जोड देणारे आणखी चार असे कागद आहेत, आणि मुख्य गायकांच्या कागदांवर एकल गाण्यांबरोबर कोरस, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायचे भाग, पण लिहिलेत. म्हणजे कथा सांगणारा टेनर कोरस आला की गप्प उभा राहत नव्हता, तो पण गायचा.

मग हे भलेमोठे कॉयर आले कुठून, तर पुढच्या शतकातून. मेंडेलसोन या संगीतकाराने १८२९ मध्ये बर्लिनला बाखचंच मॅथ्यू पॅशन पुन्हा उभं केलं तेव्हा कॉयर दीडशेच्या आसपास होता. बाखच्याच काळातल्या हँडलच्या मसाया या रचनेचं पण तेच झालं, १७५४ च्या लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलमधल्या प्रयोगाच्या हिशेबात कोरसचे जेमतेम वीसेक लोक दिसतात आणि १७८४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत हँडलच्या नावाने जो सोहळा झाला त्यात गाणारे-वाजवणारे मिळून पाचशेच्या वर. त्या प्रेमात खोट नव्हती, पण इतके लोक एकत्र आले की वळणं बोथट होतात, ट्रक गल्लीत वळवण्यासारखं. तुमच्या कॉयरमध्ये साठ लोक असतील तर त्यांना घरी पाठवायची गरज नाही, साठ जणांनी आठ जणांसारखं वळायला शिकायचंय एवढंच.

पायरी २ : एक कोराल, दोन रेकॉर्डिंग, हेडफोन

पूर्ण पॅशन ऐकायला बसू नका, दोन तासांच्या आसपासचं आहे आणि पहिल्यांदा सगळं एकसारखं वाटेल. "वेअर हाट डिश झो गश्लागन" हा कोराल काढा, पहिल्या भागात आहे, दीड-दोन मिनिटांचा. कोराल म्हणजे चर्चमधल्या लोकांना आधीपासून पाठ असलेली साधी चाल, बाखने तिच्याखाली तीन पट्ट्या बांधल्या. आधी कार्ल रिख्टरचं साठच्या दशकातलं म्युनिकचं रेकॉर्डिंग ऐका, मग मासाआकी सुझुकीचं बाख कॉलेजियम जपानबरोबरचं, किंवा नेदरलँड्स बाख सोसायटीचा व्हिडिओ यूट्यूबवर फुकट आहे तो. रिख्टरला नावं ठेवायची नाहीत, मला तो आजही हलवतो. पण त्यात सूर एका जाड दोरासारखा सलग ओढलेला असतो आणि दुसऱ्या दोघांत ओळ बोलल्यासारखी येते, शब्दांची टोकं दिसतात. या फरकाला नाव द्यायची घाई करू नका, नुसता तीन-चारदा ऐका.

वेळ असेल तर निकोलाउस आर्नोनकूर आणि गुस्ताव लेओनहार्ट यांनी केलेले बाखचे कँटाटा (गायक-वादकांसाठीच्या छोट्या रचना) पण ऐका. दोघांनी मिळून १९७१ ते १९८९ एवढा काळ घालवून बाखच्या चर्च कँटाटांचं रेकॉर्डिंग केलं, जुन्या वाद्यांवर आणि वरच्या पट्टीला बहुतेक मुलांच्या आवाजात. काही ठिकाणी खडबडीत आहे, ट्रम्पेट कचरतात, पण आज आपण ज्याला हलकं म्हणतो त्याचा रस्ता तिथून निघाला.

पायरी ३ : गाऊ नका, बोला

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि बहुतेक लोक हीच गाळतात. कोरालचं पहिलं कडवं, पाउल गेरहार्ट या कवीचं, १६४७ मधलं. येशूला सेवकाने थोबाडीत मारल्यावर लगेच हा कोराल येतो. अर्थ साधारण असा: तुला असं कुणी मारलं रे, माझ्या तारणहारा, तुझे इतके हाल कुणी केले, तू तर आमच्यासारखा आणि आमच्या मुलांसारखा पापी नाहीस, तुला अपराध ठाऊकच नाही.

आता पहिली ओळ बोला. जर्मनचा बाऊ करू नका, आपल्याकडे यातले बरेच आवाज आहेत. "गश्लागन"मधला पहिला ग आणि शेवटचा गन अगदी आपल्या अ सारखे, तिथे "गे" करायचा नाही. "डिश" लिहिलंय खरं पण तो श नाही, "य" म्हणायला जीभ उचला आणि कंठ न वाजवता नुसती हवा सोडा, तो आवाज. "झो" चा झ झूम कॉलमधला, झेंड्यातला नाही. तिसऱ्या ओळीत "त्सुगरिश्त" आहे, तो त्स म्हणजे आपल्या चमच्यातला च, कॉयरमधल्या डच लोकांना पण मी हे शिकवलंय. आणि "वेअर"चा व म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवा, आपला व जरा मऊ पडतो.

बोलताना आघात कुठे येतो बघा: वेअर हाट डिश झो गश्लागन. "श्ला" वर वजन, "गन" पडून जातो, जसं आपण "सांगितलं" म्हणताना शेवटचं "लं" ठासून म्हणत नाही. आता चाल घाला. ग सा रे ग प म ग, एवढीच आहे ओळ, पेटी येत असेल तर लगेच सापडेल. पहिला ग समेच्या आधी, सा समेवर, मग रे ग प, पुढच्या समेवर म आणि शेवटी ग. आणि इथेच गंमत आहे, ओळीतला सगळ्यात वरचा सूर प येतो "ग" या सगळ्यात दुबळ्या अक्षरावर! गळा आपोआप वरच्या सुराला जोर लावतो, म्हणून नवीन माणूस "गश्लागन"मधल्या पहिल्या "ग"वरच जोर देतो आणि जर्मन येणाऱ्याच्या कानाला ते टोचतं. प ला नुसता स्पर्श करायचा, तिथून म वर उतरायचं आणि वजन तिथे ठेवायचं. मला हे जमलं त्या दिवशी "वजन कमी करा" चा अर्थ कळला. सगळीकडचं वजन काढायचं नसतं, चुकीच्या जागेचं काढून बरोबर जागी ठेवायचं असतं.

रोज पाच वेळा बोलून, मग एकाच सुरावर म्हणून, मग चालीत. आठवडाभर एवढंच.

पायरी ४ : मात्रा सारख्या नसतात

आपल्याला सम-खाली माहीत असते म्हणून हे आपल्याला सोपं जायला हवं, पण नोटेशन वाचताना आपण का कोण जाणे सगळ्या मात्रा सारख्या मापाने मोजतो. क्वान्ट्झ नावाचा बासरीवाला, प्रशियाच्या राजाच्या दरबारातला, त्याने १७५२ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात आहे की सारख्या लांबीचे सूर लिहिलेले असले तरी काही मुख्य असतात आणि काही जाता जाता येणारे, इटालियन पद्धतीने बोलणारे त्यांना चांगले आणि वाईट सूर म्हणतात. चारच्या मापात पहिली सगळ्यात भारी, तिसरी मध्यम, दुसरी आणि चौथी हलकी. पेन्सिल घ्या आणि आपल्या पट्टीत भारी मात्रेवर छोटी उभी रेघ मारा. जिथे शब्दाचा आघात आणि मात्रेचा आघात जुळत नाही तिथे शब्दाचं ऐकायचं.

आणि एकेक लांब सूर कसा धरायचा, तर घंटेच्या टोल्यासारखा. टोल पडतो, नाद फुलतो, मग आपोआप विरतो. आतड्याच्या तारा आणि जुन्या घडणीचा धनुष्यासारखा बाहेर वाकलेला गज यांच्यावर सूर मुळातच असा वाजतो, त्यामुळे तुमच्याबरोबर जुनी वाद्यं असतील तर कॉन्सर्टच्या आठवड्यात ते वादक आले की नुसतं त्यांच्याकडे बघून निम्मं गाणं सुधारतं. कोरालमध्ये वाद्यं तुमचीच पट्टी वाजवत असतात, तुम्ही सूर ताणून धरलात आणि त्यांचा विरला तर लगेच उघडे पडता.

पायरी ५ : कमान आणि टिंब दिसलं म्हणून थांबू नका

कोरालच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी डोक्यावर कमान आणि खाली टिंब असं चिन्ह असतं, फर्माटा. इतर संगीतात त्याचा अर्थ थांबा, पण इथे ते मुख्यतः ओळ संपल्याची खूण आहे. खरा प्रश्न श्वासाचा, कारण अर्थ कित्येकदा ओळ ओलांडून जातो. दुसऱ्या कडव्यात आहे की माझी पापं समुद्राकाठच्या वाळूच्या कणांइतकी आहेत, आणि हे वाक्य दोन ओळींत तुटलंय. तिथे सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर कण एकीकडे आणि वाळू एकीकडे. शेजारणीशी ठरवा, ती इथे घेईल, तुम्ही दोन शब्द नंतर घ्या.

दुसऱ्या कडव्याबद्दल अजून एक, कारण मला हे पॅशनचं हृदय वाटतं. पहिल्या कडव्यात विचारलं, कुणी मारलं. दुसरं कडवं त्याच चालीत, त्याच सुरांत सुरू होतं, "इश, इश उंट माइनं झ्युंडन", मी, मीच, आणि माझी पापं. पहिला "मी" समेच्या आधी, हलका, जरा चाचरत, दुसरा "मी" बरोबर समेवर. सूर काहीही बदललेले नाहीत, तरी दोन कडवी सारखी गायली तर सगळं वाया. आमच्याकडे पहिलं विचारल्यासारखं आणि दुसरं जवळजवळ कुजबुजत, पण "मीच" स्पष्ट, असं करतात.

पायरी ६ : आवाजाचा कंप

लोकांना वाटतं हलकं गाणं म्हणजे आवाज दाबून, सपाट, रंग काढून टाकलेला. तसं नाहीये. कंप हा दागिना आहे, लांब सुरावर, दुःखाच्या शब्दावर थोडा येऊ दे, पण प्रत्येक सुरावर सतत नको, कारण चार पट्ट्या सतत थरथरल्या की कोमल-शुद्धमधला फरकच ऐकू येत नाही. ज्यांनी आपलं गाणं शिकलंय त्यांना तानपुऱ्याबरोबर सूर सरळ लावायची सवय असते, ती इथे थेट उपयोगी पडते. उलट मींड मात्र सोडावी लागते, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत गेलात की शेजारच्या पट्टीचा हिशेब बिघडतो. मला हे सगळ्यात जड गेलं.

पायरी ७ : ताना

पहिलाच कोरस, "हेर, उन्झर हेर्शर", हे प्रभू, आमच्या राजा. खाली बास एकाच सुरावर धडधडतोय, व्हायोलिनं गरगर फिरतायत, वर ओबो (सनईसारखी वाद्यं) आणि बासऱ्या एकमेकांना घासून दुखल्यासारखे, आणि त्यात कॉयर येतो, हेर, हेर, हेर. ते तीन हातोड्याचे घाव नाहीत, तीन हाका आहेत, मधली जागा रिकामी सोडा. मग "हेर्शर" वर लांबच लांब ताना. या आकारात म्हटल्यासारख्या सलग हव्यात, प्रत्येक सुराआधी "ह" लावून ह-ह-ह करू नका, आणि गमक घेतो तसा पोटातून धक्का पण नको. तयारी अशी: अर्ध्या लयीत, चार-चार सुरांचा गट, गटातला पहिला सूर किंचित स्पष्ट, बाकीचे तीन त्याच्या पाठून घरंगळू द्या. मग मोठा-छोटा, मोठा-छोटा असं लंगडत गा, मग उलट, छोटा-मोठा. दहा मिनिटं रोज. वेग आपोआप येतो, आणि नाही आला तर तानेतले काही सूर सोडून समेवर परत या, साठ जणांत ते चालतं, पण मागे रेंगाळलेलं चालत नाही.

पायरी ८ : वाद्यांची पट्टी, म्हणजे सूर किती उंच

जुन्या वाद्यांबरोबर गाणार असाल तर हे आधी विचारून घ्या. आज बरोक वाद्यं बहुधा "ला" ४१५ हर्ट्झला लावतात, आधुनिक पियानोचा ४४० असतो. म्हणजे अर्धा सूर खाली, पेटीवर पांढरी सहाच्या जागी काळी चार. सोप्रानो खूश होतात, बास लोकांना तळाला जरा खोल जावं लागतं. घरी पियानोच्या ॲपवर ४४० ला सराव करून गेलात तर पहिल्या दिवशी सगळं ओळखीचं पण सरकलेलं वाटतं, म्हणून शेवटचे दोन आठवडे ॲपमध्ये अर्धा सूर उतरवूनच सराव करा. नोटेशन आयएमएसएलपी आणि सीपीडीएल या वेबसाइटवर फुकट मिळतं, पण तालमीला कॉयर जी आवृत्ती वापरतो तीच न्या, मापांचे आकडे जुळले नाहीत तर प्रत्येक वेळी तुम्हीच शोधत बसता.

पायरी ९ : जमाव

योहान पॅशनमध्ये कॉयर कधी भक्त असतो, कधी "क्रॉसवर चढवा" म्हणून ओरडणारा जमाव. जमावाचे कोरस वेगवान आणि टोकदार, आणि इथे ओरडायचा मोह होतोच. व्यंजनं धारदार करा, क, त्स, त, गळा नाही. अंगरख्यासाठी सैनिक चिठ्ठ्या टाकतात तो कोरस तर जवळजवळ खेळकर आहे, खाली चेलो नुसता खळखळतोय, आणि म्हणूनच तो जास्त भयंकर वाटतो. या मजकुरात यहुद्यांना दोष दिल्यासारखे शब्द आहेत आणि त्या शब्दांनी युरोपात काय घडवलं ते इथल्या लोकांना चांगलं ठाऊक आहे, बऱ्याच कॉयरमध्ये त्यावर आधी बोलतात. तुमच्याकडे बोलत नसतील तर तुम्ही विषय काढा. माझ्यापुरतं उत्तर त्या कोरालमध्येच आहे, कुणी मारलं तर मी, मीच.

गोव्यातून आलेल्यांना यातलं बरंचसं वातावरण परकं वाटणार नाही. तिथे चाळीस दिवसांच्या उपासकाळात चर्चमध्ये आणि मिरवणुकीत मोतेत गातात, व्हायोलिनच्या साथीने, दोन-तीन पट्ट्यांत. घरात कुणी ते गात असेल तर त्यांना शब्द कसे सोडतात ते विचारा, कथा तीच आहे.

शेवटी कार्यक्रमाच्या दिवसाबद्दल. दोन तासांत तुम्ही सारखे उठता-बसता, म्हणून उठण्याच्या जागा कागदावर लाल पेन्सिलीने करा आणि आधीच्या गाण्याच्या शेवटच्या ओळीतच श्वास खाली नेऊन ठेवा. पाणी "रूट वोल"च्या आधी प्या, नंतर वेळ नसतो. तो मोठा कोरस, शांत झोप रे, थडग्यात उतरवल्यासारखा खाली खाली येणारा, तो संपला की लोकांना वाटतं झालं, आणि गाणाऱ्यांचा पण जीव तिथेच रिकामा होतो. पण नंतर एक कोराल राहतो, "आख हेर", सुरुवात झोपेतल्यासारखी, देवदूताने माझा जीव उचलून न्यावा म्हणून, आणि मध्ये शब्द येतो "एर्वेकं मिश", मला जागं कर. आत्तापर्यंत वाचवलेला आवाज तिथून पुढे सगळा द्यायचा, शेवटच्या "एविगलिश"पर्यंत, आणि त्यातलं पहिलं अक्षर भारी.